चौथं गाणं

"कंदील जळतोय," सारंगचाचा म्हणाले. "हवा आहे."

त्यांनी दोरी ओढून कंदील वर घेतला. टाकीच्या तोंडाभोवती आम्ही तिघं गुडघ्यांवर बसलो होतो: मी, जानू पालशेतकर आणि ऑगस्टस. तोंड कसलं, लोखंडी फरशीतलं एक भोक. अंगानं भरलेल्या माणसाला खांदे तिरके करूनच उतरावं लागायचं. खाली काळोख होता, आणि चिखलाचा नि गंजाचा वास.

"कंदील इथं जळला," जानू म्हणाला. "याला जायचंय पार त्या टोकाला. तिथं जळेल का?"

"तू जा नि बघून ये," सारंगचाचा म्हणाले. "नाहीतर तोंड मिट."

ऑगस्टस हसला. आमची भाषा त्याला कळायची नाही, पण जानूला बोलणी बसली की त्याला बरोबर कळायचं.

जहाज परदेशी मालकाचं होतं. पश्चिम आफ्रिकेच्या एका बंदराबाहेर लाकूड भरायला नांगरावर उभं होतं. डेकवरचे आम्ही सगळे रत्नागिरीकडचे. इब्राहिम होडेकर आमचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. ऑगस्टस लायबेरियाचा, मन्रोव्हिया शहरातला. जहाजाचे पंप आणि पाईप तो सांभाळायचा. उंच, सावकाश चालणारा, आणि डोळ्यांत कायम थोडी झोप असलेला माणूस. त्याच्याशी आम्ही बोलायचो ते थोडं इंग्रजी, थोडं हिंदी आणि उरलेलं हातवाऱ्यांनी. खाली त्याचं बोलणं मी आपल्या भाषेत लिहितोय, पण ते तसं सरळ आलेलं नाही.

जहाजाच्या अगदी तळाशी, माल भरायच्या होल्डच्या फरशीखाली, पाण्याच्या टाक्या असतात. जहाज रिकामं असलं की त्यांत समुद्राचं पाणी घेतात, म्हणजे ते डुलत नाही. त्यातल्या एका टाकीतलं शेवटचं वीतभर पाणी निघेना. पंपाच्या पाईपच्या तोंडाला जाळी असते, ती चिखलानं तुंबली होती, आणि जाळी टाकीच्या दुसऱ्या टोकाला होती. आत उभं राहता येत नाही. लोखंडी भिंतींनी कप्पे केलेले असतात, भिंतीत एकेक भोक. एका कप्प्यातून दुसऱ्यात पोटावर सरपटत जायचं. दोरी बांधली तर ती भोकाभोकांत अडकते, म्हणून दोरी बांधायची नाही.

बंद टाकीत गंज हवा खातो. हे आम्हाला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं, जुने खलाशी नव्यांना सांगायचे. वाईट हवेला वास नसतो. ठसका येत नाही, जीव घुसमटत नाही. अंग हलकं होतं, बरं वाटतं, आणि मग काहीच वाटत नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत होती. आत गेलेल्यानं आवाज चालू ठेवायचा आणि तोंडावर बसलेल्यानं तो ऐकत राहायचं. कुणी शिव्या द्यायचा, कुणी हातोडीनं लोखंड ठोकायचा. आवाज आहे तोवर माणूस आहे, एवढाच हिशेब.

ऑगस्टस गायचा.

"आज काय, सगळी कॅसेट का?" जानूनं त्याला हातानं कॅसेट फिरवून दाखवत विचारलं.

"चौथ्या गाण्यापर्यंत काम होईल," ऑगस्टस म्हणाला. "पाचव्याला मी वर."

त्यानं टॉर्च मनगटाला अडकवला, खांदे तिरके केले आणि तो खाली गेला. पायाखाली पाण्याचा चुबुक आवाज आला. मग पहिलं गाणं सुरू झालं.

त्या कॅसेटबद्दल सांगायला हवं.

ऑगस्टसकडे एक टेपरेकॉर्डर होता, झाकण मोडलेला, रबरानं बांधलेला. आणि एकच कॅसेट. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची जुनी गाणी त्यानं निरनिराळ्या रेकॉर्डवरून स्वतः भरून घेतली होती. कव्हरवर बारीक अक्षरांत नावं लिहिली होती. मला तेव्हा आपलीच अक्षरं येत नव्हती, तर ती कुठून येणार? अक्षरं मला म्हातारपणी सुनेनं शिकवली. जानू चौथी पास, पण त्यालाही ती नावं लागायची नाहीत. मग आम्हीच गाण्यांना नावं दिली. पहिलं विनवणीचं. त्यात एक पुरुष कुणाची तरी इतकी आळवणी करायचा की जानू म्हणायचा, "घे गं बाई घरात, किती रडवशील!"

"तुला काय कळतं रे त्याचं?" मी विचारायचो.

"शब्द नाही कळत. रडणं कळतं."

दुसरं रात्रपाळीचं, कारण ते पहाटेची पाळी संपवून आलेल्या माणसासारखं पाय ओढत चालायचं. तिसरं बाईचं. त्या बाईचा आवाज खालून उठायचा आणि वर जाऊन फाटायचा, आणि फाटला तरी गोडच लागायचा. सारंगचाचा पाच वेळा नमाज पढणारे, गाण्याबजावण्याकडे पाठ फिरवणारे. पण बाईचं गाणं लागलं की त्यांची तसबीह, जपाची माळ, बोटांत थांबायची, आणि आम्ही तिकडे बघायचं नाही असं ठरलेलं होतं. चौथं टाळ्यांचं. ते सुरू झालं की जेवायच्या टेबलावर थाळ्या नाचायच्या.

दररोज संध्याकाळी तीच कॅसेट, त्याच क्रमानं. महिन्याभरात असं झालं की एक गाणं संपायच्या आधी पुढचं कानात सुरू व्हायचं. डेक घासताना कुणी विनवणीचं गुणगुणलं तर दुसरा कुणी आपोआप रात्रपाळीचं उचलायचा. आमच्यापैकी कुणी अमेरिका पाहिली नव्हती. तरी ती गाणी ऐकताना प्रत्येकाला आपलं काहीतरी मागं राहिल्यासारखं वाटायचं. जानूला त्याची साखरपुडा मोडलेली मुलगी आठवायची. मला काय आठवायचं ते मी कुणाला सांगितलं नाही.

मी मात्र कधी गायलो नाही. माझा आवाज फुटक्या डब्यासारखा. लहानपणी भजनात बसलो तेव्हा बुवांनी माझ्या हातात झांजा देऊन सांगितलं होतं, "तू हे वाजव, तोंड उघडू नको."

तर पहिलं गाणं आत गेलं. कप्प्याकप्प्यातून लांब होत गेलं. टाकीच्या लोखंडात आवाज घुमतो, त्यामुळे तो एका माणसाचा वाटत नव्हता. रात्रपाळीचं सुरू झालं तेव्हा तो टोकाला पोचला असावा, कारण गाण्यात मधेच जाळी खरवडल्याचा खर्र खर्र आवाज यायला लागला. होल्डमध्ये भट्टीसारखं तापलं होतं. वर चौकोनी आभाळ, त्यात एक घार. सारंगचाचा होल्डच्या दुसऱ्या बाजूला कुणावर तरी ओरडत होते. जानूनं तंबाखू मळली.

"लग्न झालंय का रे याचं?" तो म्हणाला.

"कुणाचं?"

"याचं, ऑगस्टसचं. इतकं रडायची गाणी ऐकतो, म्हणजे झालेलं असणार."

मी हसलो. बाईचं गाणं सुरू झालं. पुरुषाच्या आवाजात ते ऐकायला गमतीचं वाटायचं, पण ऑगस्टस ते फार जपून गायचा. खरवडणं चालूच होतं. मग खरवडणं थांबलं. मला वाटलं, झालं काम. गाणं शेवटाला आलं, आवाज वर चढला, फाटला, संपला. मी मांडीवर हात आपटायला तयार होतो, कारण आता टाळ्यांचं येणार.

आलं ते पुन्हा बाईचंच.

"आवडलेलं दिसतंय," जानू म्हणाला.

"खरवडणं थांबलंय," मी म्हणालो.

"मग निघाला असेल परत."

आम्ही ऐकलं. निघाला असता तर आवाज जवळ आला असता. आवाज जिथं होता तिथंच होता. आणि तो सावकाश झाला होता. चावी उतरत आलेल्या खेळण्यासारखा नाही, तर पाळणा हलवणारीचा हात जसा हळू होतो तसा. अतिशय गोड. त्याला तितकं गोड गाताना मी कधी ऐकलं नव्हतं.

गाणं संपलं. टाकी गप्प झाली. मी मनात म्हटलं, आता चौथं. चौथं म्हण रे बाबा.

पुन्हा तिसरंच सुरू झालं.

मी भोकात डोकं घालून ओरडलो, "ऑगस्टस! ए ऑगस्टस! काम झालं?"

गाणं तसंच पुढं चाललं.

"आवाज चालू आहे ना," जानू म्हणाला, पण त्याचाही चेहरा उतरला होता. "चालू आहे म्हणजे..."

"चाचा!" मी हाक मारली.

सारंगचाचा आले. त्यांनी ऐकलं. "गातोय की."

"तेच तेच गातोय. तिसऱ्यांदा तेच. हाक मारली तर ओ देत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते खाली वाकले आणि त्यांच्या त्या शीड चढवायच्या आवाजात ओरडले. वादळात या टोकाचा माणूस त्या टोकाला ऐकेल असा आवाज होता तो. लोखंड थरारलं. आतलं गाणं एक श्वाससुद्धा चुकलं नाही.

सारंगचाचांची दाढी हलली. काहीतरी पुटपुटले. मग एकदम म्हणाले, "जानू, धाव. वाऱ्याचा पाईप काढ, गंज उडवायच्या यंत्राचा, आणि मशीनवाल्याला सांग हवा सोड. जाताना मोठ्या साहेबाला सांग, तोंडाला लावायचं हवेचं यंत्र घेऊन या. पळ, मेल्या, पळ!"

जानू शिडीवर चढला. होल्डची शिडी उंच, दोन माड एकावर एक ठेवावेत इतकी. तो चढेपर्यंत, पाईप ओढत आणेपर्यंत किती वेळ जाणार ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी पाय भोकात सोडले.

मागून माझा पट्टा धरला गेला. "कुठं चाललास?"

"सोडा, चाचा. सरपटत गेलो तर लगेच पोचेन."

"पोचशील. आणि त्याच्या शेजारी झोपशील."

"तो मरतोय!"

"ओरडू नको. मला ऐकू येतं." त्यांनी पट्टा आणखी घट्ट धरला. "माझा धाकटा भाऊ याकूब असाच गेला. आत एक पडला होता, त्याला काढायला एक गेला, त्या दोघांना काढायला याकूब. त्याच्या मागे मी होतो. माझे पाय असेच भोकात होते. मी उतरलो नाही, म्हणून आज तुझा पट्टा धरायला इथं आहे. आईला तोंड दाखवताना मला काय वाटलं ते अल्लाला माहीत. पण तू उतरायचं नाही."

मी पाय काढले नाहीत. उतरलोही नाही. खरं सांगायचं तर त्यांनी पट्टा धरला याचं मला आतून बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. भोकातून गार हवा पायांना लागत होती. आत बाईचं गाणं तिसऱ्यांदा शेवटाकडे चाललं होतं. आता शब्द गळत होते. नुसती चाल उरली होती.

आणि माझ्या कानात, सवयीनं, पुढचं सुरू व्हायला लागलं.

आत तिसरं संपलं. गप्पपणा आला. या वेळी तो आधीपेक्षा लांब होता. तो संपतच नव्हता. सारंगचाचांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. मला वाटलं, गेला.

मी गायला लागलो.

ठरवून नाही. तोंड उघडलं आणि टाळ्यांचं गाणं बाहेर आलं. शब्द येत नव्हते, जे कानात होतं तेच निघालं, नुसते हुंकार. फुटक्या डब्याचा आवाज. दोन्ही तळव्यांनी मी लोखंडी फरशी बडवायला लागलो, कारण त्या गाण्यात टाळ्या नसतील तर ते गाणंच नाही. सारंगचाचांना वाटलं माझं डोकं फिरलं.

"रावजी? काय करतोस?"

मी थांबलो नाही. थांबलो तर पुन्हा तिसरं सुरू होईल, किंवा काहीच सुरू होणार नाही, याची भीती वाटत होती. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याच्या आधी त्या गाण्यात एक जागा आहे, तिथं गाणारा दोन टाळ्या रिकाम्या सोडतो आणि मागची माणसं ओरडतात. मी दोन ठोके दिले आणि थांबलो.

आतून काही नाही.

मी पुन्हा त्याच जागेवर आलो. दोन ठोके. थांबलो.

आतून एक आवाज आला. ओरडणं म्हणता येणार नाही. झोपेतला माणूस कूस बदलताना कण्हतो तसा.

"अजून," सारंगचाचा म्हणाले. त्यांनी पट्टा सोडला, माझ्यासमोर बसले आणि आपले रुंद तळहात फरशीवर आपटायला लागले. तालात. त्यांना सगळं माहीत होतं, कुठं थांबायचं तेसुद्धा.

आम्ही दोघं बडवत होतो. मी बेसूर ओरडत होतो. आतून मधूनमधून तो कण्हण्याचा आवाज यायचा, नेमका त्या रिकाम्या जागेवर. मग पाणी हललं. मग काहीतरी लोखंडाला घासलं. एक कप्पा. मी गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं, कारण संपवायचं धाडस होईना. संपलं की पुढं कुठं जाईल तो? पाणी पुन्हा हललं. मग बराच वेळ काही नाही. सारंगचाचा तालावर ठोकत होते आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. ते गाण्याचे शब्द नव्हते.

"ऑगस्टस!" मी गाण्याच्या मधेच ओरडलो. "इकडे! इकडे ये!"

टॉर्चचा उजेड दिसला. पाण्याखालचा, पिवळा. मग त्याचा हात. त्या हातानं शिडीचं खालचं दांडकं शोधलं, चुकलं, पुन्हा शोधलं. वरून जानूची आरोळी आली आणि वाऱ्याचा पाईप सापासारखा लोंबत होल्डमध्ये आला. सारंगचाचांनी तो झेलला आणि भोकात सोडला. हवेचा फुसकारा सुटला. मी कमरेपर्यंत भोकात लोंबकळलो, त्याची कॉलर धरली आणि आम्ही त्याला वर ओढला.

तो फरशीवर उताणा पडला. चेहरा राखेसारखा. ओठ जांभळे. खूप वेळानं त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं होतं, तो हसेल, नाहीतर रडेल. त्यानं माझ्या छातीवर हात ठेवला आणि मला ढकललं. जोर नव्हता, पण ढकलणं खरं होतं. डोळ्यांत राग होता. "का?" एवढंच तो म्हणाला. मग कुशीवर वळून ओकला.

"डोकं ठिकाणावर नाही त्याचं," सारंगचाचा म्हणाले. "मनावर घेऊ नको."

त्या संध्याकाळी टेपरेकॉर्डर वाजला नाही. ऑगस्टस आपल्या बिछान्यात भिंतीकडे तोंड करून पडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी जहाजाच्या मागच्या टोकाला, दोरांच्या वेटोळ्यावर तो बसलेला दिसला. मी चहाचे दोन मग घेऊन गेलो. त्यानं एक घेतला. किनाऱ्याची हिरवी रेघ लांब दिसत होती. घोटभर चहा घेऊन तो बोलायला लागला.

त्याची मोठी बहीण होती. एस्थर. तिच्याकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र होतं आणि मोजक्या रेकॉर्ड होत्या, आणि तिच्या खोलीत, जमिनीवर, दोघं पालथी पडून ऐकायची. बाईचं गाणं तिचं आवडतं. ते संपलं की ती बोटानं सुई उचलायची आणि पुन्हा सुरुवातीला ठेवायची. पुन्हा. पुन्हा. शेजारी भिंत ठोकायचे. ती बाळंतपणात गेली तेव्हा तो समुद्रावर होता.

"कॅसेटवरची पहिली तीन तिची," तो म्हणाला. "तिच्या रेकॉर्डवरून भरली. पुढची सगळी नंतर मी घेतली. ती तिनं ऐकलेली नाहीत."

मी माझा चहाचा मग खाली ठेवला.

"जाळी मोकळी झाली, आणि मला ती खोली दिसली. दिसली म्हणजे मी तिथंच होतो. खाली जमीन गार होती. ती शेजारी पडली होती. गाणं संपलं की तिचं बोट यायचं आणि सुई उचलायचं. मला माहीत होतं की हवा वाईट आहे. पाईपवर काम करतो मी, मला कळतं. हात हलका झाला तेव्हाच कळलं."

"मग निघाला का नाहीस?"

त्यानं मी काहीतरी पोरकट विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "मी खूष होतो, रावजी."

चहा गार झाला.

"मग तू ते चौथं सुरू केलंस," तो म्हणाला. "त्या खोलीत ते गाणं नव्हतं. कधीच नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं आणि ती तिथं नव्हती. पाणी होतं. मग मला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून मी निघालो."

मला त्या वेळी जे वाटलं ते टाकीच्या तोंडावर वाटलं त्यापेक्षा वाईट होतं. तोंडावर मला वाटलं होतं की एक माणूस अडकलाय आणि त्याला बाहेर यायचंय.

जाळी मोकळी झाली होती, पण पुन्हा तुंबली. खालचा चिखल उपसल्याशिवाय ती मोकळी राहणार नव्हती. मोठ्या साहेबानं दोन दिवस टाकीत पंख्यानं हवा सोडायला लावली. मग सकाळी सारंगचाचांनी आम्हाला होल्डमध्ये उभं केलं. या वेळी हवेचा पाईप आत जाणार होता, कंदील कप्प्याकप्प्यात पुढं नेऊन ठेवायचा होता.

"कोण उतरतो?" त्यांनी विचारलं.

"मी," ऑगस्टस म्हणाला.

कुणी बोलायच्या आत म्हणाला. लगेच, पुढं पाऊल टाकून. जानूनं त्याची पाठ थोपटली, "वाघ आहे वाघ!" सारंगचाचाही बरं वाटून त्याच्याकडे बघत होते. मी मात्र ऑगस्टसचे डोळे बघत होतो. त्यांतली ती नेहमीची झोप आता नव्हती. सणाला घरी निघालेल्या माणसासारखा तो उभा होता.

"तो नाही," मी म्हणालो. "मी जातो."

"तू?" जानू हसला. "मेल्या, तू तर त्या दिवशी नुसत्या गाण्याला घाबरला होतास."

"मी जातो, चाचा. हा तोंडावर बसेल."

ऑगस्टसनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. आत भीतीनं माझं सगळं पाणी झालं होतं, पण त्याला उतरू दिलं असतं तर तो परत आला नसता, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. बाकी कुणाला नव्हतं, आणि मी सांगणारही नव्हतो. सारंगचाचांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. ते म्हातारे होते. "बरं," ते म्हणाले. "रावजी उतरेल. ऑगस्टस, बैस तोंडावर."

मी उतरलो. पाणी घोट्यापर्यंत होतं, मग सरपटायला लागल्यावर छातीला. कंदील पुढं ढकलायचा, तो जळतोय का बघायचं, मग आपण जायचं. पाईपमधून हवा सुसकारत होती. भिंती इतक्या जवळ की श्वास आपल्याच तोंडावर परत यायचा. मागं वळून बघितलं तर तोंडाचा उजेड एका नाण्याएवढा दिसत होता, आणि पुढच्या कप्प्यातून तोही दिसेना.

आवाज चालू ठेवायचा होता. शिव्या आठवेनात. हातोडी विसरलो होतो. माझ्या तोंडातून आपोआप विनवणीचं गाणं निघालं, हळू, नाकातल्या नाकात.

लोखंडात ते वेगळंच वाटलं. माझा फुटका आवाज तिथं फुटका राहिला नाही. गोल झाला, भरला. टोकाला पोचून मी डब्यानं चिखल बादलीत भरायला लागलो आणि गाणं चालू राहिलं. हात चालत होते. हळूहळू भीती कमी झाली. दुसरं गाणं सुरू झालं, मी केव्हा सुरू केलं ते कळलं नाही. गाणं जाईल तसं मीही चाललो होतो. मला आमच्या खाडीवरचं ओहोटीचं पाणी दिसलं. चिखलात पाय रुतवून शिंपल्या काढणारी माझी पहिली बायको दिसली. लग्नानंतर दुसऱ्या पावसाळ्यात ती गेली होती, आणि तिचा चेहरा मला कित्येक वर्षांत नीट आठवला नव्हता. आता पदर खोचलेला दिसला, कपाळावरचा चिखलाचा थेंब दिसला. ती मान वर करून बघणार होती.

हवा वाईट होती की नव्हती, मला आजही माहीत नाही. कंदील तर जळत होता.

"रावजी!"

लांबून, घुमत आलेला ऑगस्टसचा आवाज.

मी गातच राहिलो. आवाज चालू आहे, मनात म्हटलं, ऐकू येत नाही का तुला?

"रावजी! गाऊ नको! बोल!"

मी थांबलो. थांबल्याबरोबर अंगाला पाणी गार लागलं.

"काय बोलू?" मी ओरडलो.

"सकाळी काय खाल्लंस?"

"चपाती."

"कशाबरोबर?"

मला आठवायला वेळ लागला. इतका वेळ लागला की मी घाबरलो. "डाळ!"

"कशी होती?"

"खारट! स्वयंपाक्याच्या तोंडात घाल ती!"

वर कुणीतरी हसलं, जानू असावा. ऑगस्टस हसला नाही. त्याचा आवाज आता जवळून येत होता, म्हणजे त्यानं डोकं पार भोकात घातलं होतं.

"उद्या काय खाणार?" त्यानं विचारलं.

मी बादलीची कडी धरली. खाडी नव्हती, कुणी नव्हतं. गंजकी भिंत होती आणि तिच्यावर माझी सावली.

"रावजी! उद्या काय खाणार?"

"येतो आणि सांगतो," मी म्हणालो, आणि बादली पुढं ढकलत त्याच्या आवाजाच्या दिशेनं सरकायला लागलो.